राखेनं घासलेली बेअरिंगं

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी बुलडोझरच्या इंजिनाची दहा बेअरिंगं राखेनं घासली. नुसती राखेनं नाही. आधी राख, मग विटेची पूड आणि शेवटी चकाकी यावी म्हणून चिंच. ज्यांना इंजिनातलं कळतं त्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. ज्यांना कळत नाही त्यांनी थोडा दम धरावा, त्यांच्यावरही ती वेळ आणते. माझ्या सासूबाई, जिजी, होत्या तोवर हे लिहायची सोय नव्हती. आता त्या नाहीत आणि माझी नात रोज विचारते, "आजी, तू लहानपणी हुशार होतीस का गं?" तिला खरं उत्तर एकदा कागदावर मिळालेलं बरं.

मी मोठी झाले ती सासरीच. माहेरी, अमळनेरकडच्या खेड्यात, नुसतीच उंच झाले होते. दहावी पास होते, वेणी कमरेखाली होती आणि या दोन गोष्टींवर आयुष्य निघेल अशी माझी पक्की समजूत होती. सासर सुरतेला, गोडादऱ्यात. तेव्हा गोडादऱ्यात घरांपेक्षा शेतं जास्त होती. आमच्या घराला दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोकळी जागा आणि जागेच्या कडेला पत्र्याची शेड. चहूकडून कापड विणणाऱ्या लूमचा खटाखट आवाज, दिवसभर. पहिले आठ दिवस मला वाटायचं, शेजारी कुणाचं तरी दळण संपतच नाहीये. आमचे हे लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा तास काम करत आणि त्या आवाजात राहून राहून घरातही ओरडूनच बोलत. लग्नानंतर त्यांनी मला पहिल्यांदा "तू छान दिसतेस" म्हटलं ते चार घरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका माझ्याकडे बघून पदरात हसत होत्या आणि मला वाटत होतं, माझी वेणी त्यांना आवडली.

घरात सासूबाई, म्हणजे जिजी. त्या अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नसत, गुजराती भाजीवालीशीसुद्धा नाही, आणि भाजीवाली बिचारी अहिराणी शिकली होती. आणि सासरे, आबा. आबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली आणि साठीला टेकलेला माणूस घरी बसला. आबा माझ्याशी मुद्दाम पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे, कारण सून दहावी पास. जिजींशी अहिराणी, माझ्याशी मराठी, मित्रांशी गुजराती आणि यंत्रांशी शिव्या, अशी त्यांची वाटणी होती.

मिलमधून जे काही हातात आलं त्यातून आबांनी एक बुलडोझर आणला. कालव्याच्या कामावरून भंगारात काढलेला, माझ्यापेक्षा वयानं मोठा. ट्रेलरवरून तो मागच्या जागेत उतरवला तेव्हा जिजींचं वाळवणाचं सगळं अंगण त्याच्याखाली गेलं. जिजी कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. पिवळा रंग नावालाच उरला होता, पुढचं पातं एका बाजूनं वाकलेलं, लोखंडी चेनमधून गवत उगवलेलं. "हाई काय भंगार उचली आनं?" त्या म्हणाल्या. आबा म्हणाले, इच्छापोरच्या बाजूला झिंग्यांचे तलाव खोदताहेत, इकडे शेतं सपाट करून सोसायट्या होताहेत, ज्याच्याकडे असं यंत्र त्याला मरेपर्यंत काम. जिजींचा भाऊ एका सोसायटीत वॉचमन होता आणि तिथेच दुसरी खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर आबांनी बसावं असं जिजींच्या मनात होतं. आबा म्हणाले, "सगळा जन्म यंत्रं खोलली, आता फाटक खोलू?" मग बऱ्याच आरडाओरड्यानंतर तह झाला. तुळशीच्या लग्नापर्यंत इंजिन बोललं तर आबा खरे. नाही बोललं तर भंगारवाला येईल आणि आबा खुर्चीवर जाऊन बसतील. तलाववाल्या ठेकेदारानंही तोच वायदा दिला होता. जमीन वाळली की त्याला यंत्र हवं, नाहीतर तो दुसरीकडून आणणार.

तो सबंध पावसाळा आम्ही बुलडोझर खोलत होतो. "आम्ही" म्हणते आहे, पण सुरुवातीला मी फक्त चहा नेत होते. चेनच्या पिना घणानं बाहेर काढायच्या तेव्हा घाव बसला की स्वयंपाकघरातली ताटं थरथरायची. एकेक रोलर, एकेक दात्याचं चाक सुटं होऊन रॉकेलमध्ये बुडायचं. रॉकेल रेशनचं, त्यामुळे जिजींचा स्टोव्ह उपाशी आणि बुलडोझर न्हात बसलेला, यावरून रोज सकाळी आरती व्हायची. आबा जेवायला येताना हात आधी रॉकेलनं, मग कपड्यांच्या पावडरीनं धुवायचे, तरी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर अंगठ्याचा काळा ठसा उमटायचा. जिजी ती भाकरी त्यांच्या ताटात परत सरकवून म्हणायच्या, सही झाली, आता खा. संध्याकाळी आबांचे मित्र कांतिभाई यायचे. त्यांचं उधन्याला लेथचं, म्हणजे लोखंड कातायचं, छोटं दुकान होतं. ते कागदात बांधून खमण आणायचे आणि जिजी त्यावर मिरचीचा ठेचा पसरून खायच्या. कांतिभाईंनी एकदा तसं खाऊन पाहिलं आणि अर्धा माठ संपवला.

एके दिवशी मी बघितलं की आबा सुट्या भागांवर खडूनं खुणा करताहेत आणि पत्र्यातून गळणारं पाणी त्या पुसतंय. मी म्हटलं, "आबा, मी लिहून ठेवू?" यांच्या खात्यातून साडीच्या काठाच्या चिंध्या पोत्यानं यायच्या. त्या मी कापल्या, प्रत्येक भागाला एक रंग आणि गाठी बांधल्या, आणि शाळेच्या उरलेल्या वहीत नोंदी केल्या. हिरवी चिंधी तीन गाठी, डावीकडचा तिसरा रोलर. गुलाबी एक गाठ, पाण्याच्या पंपाचं झाकण. आठवड्याभरात सगळी शेड लग्नघरासारखी दिसायला लागली. आबा वही चाळून म्हणाले, "मिलच्या स्टोअरमध्येही असं नव्हतं." झालं. त्या एका वाक्यानं माझं डोकं जे वर गेलं ते दसऱ्यापर्यंत खाली आलं नाही. मी नळावरच्या बायकांना पाना कसा धरायचा ते सांगायला लागले. आज त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालायला मला फार आवडेल.

एकच वस्तू आबांनी माझ्या वहीत येऊ दिली नाही, ती म्हणजे ती दहा बेअरिंगं. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जड वाकडातिकडा दांडा फिरतो, तो ज्यांच्या कुशीत फिरतो ती ही. रुंद पाटली मधोमध कापली तर जसे दोन तुकडे होतील तसे, पाच जोड्या. आतल्या बाजूला एका मऊ पांढऱ्या धातूचा थर, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. आबा सकाळी अंघोळ करून शेडमध्ये शिरायचे, दारावर पोतं ओढून घ्यायचे आणि तासन्‌तास त्या बेअरिंगांशी काहीतरी करत बसायचे. फटीतून मला दिसायचं ते इतकंच की त्यांच्या शेजारी शेंदराचा डबा आहे, तेलाची वाटी आहे, बोटाला शेंदूर आहे आणि पांढऱ्या धातूवर ठिकठिकाणी शेंदूर लागलाय. मग ती बेअरिंगं धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर जायची. आमच्या गावच्या म्हसोबाला मी लहानपणापासून शेंदूर लावलेला पाहिला होता. माझ्या दहावी पास डोक्यानं लगेच निकाल लावला. हा आबांचा काहीतरी कुळाचार आहे, दहा देव आहेत, आणि नव्या सुनेला अजून त्यांची ओळख करून दिलेली नाही. मला थोडा रागही आला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबा कांतिभाईंकडे गेले होते. जिजींनी मला राखेचं घमेलं दिलं. "सगळं घासी टाक व. उद्या दसरा शे. एक बी हत्यार काळं दिसाले नको." मी पाने घासले, हातोड्या घासल्या, कोयता, विळी, जिजींचा अडकित्ता. मग माझं लक्ष फळीवर गेलं. देवावरचा जुना शेंदूर खरवडून नवा चढवायचा, हे तर आमच्याकडचं लहान पोरही सांगेल. आणि तो शेंदूर इतका गबाळा लागलेला, एक ठिपका इकडे, एक डाग तिकडे. पुरुषांनी केलेली पूजा, म्हटलं, अशीच असायची. नारळाची शेंडी घेतली आणि बसले. एकेक बेअरिंग मी असं घासलं, असं घासलं की माझ्या आईनं पाहिलं असतं तर तिला भरून आलं असतं. शेवटी चिंचेचा हात फिरवला. दहाच्या दहा चांदीसारखी. पाटावर दोन ओळींत मांडली, झेंडूचं एकेक फूल ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत दारात उभी राहिले.

आबा आले, कांतिभाईही बरोबर होते. आबा पाटासमोर उकिडवे बसले. एक बेअरिंग उचललं, अंगठा आतून फिरवला, उन्हात धरलं, पुन्हा अंगठा फिरवला. मग दुसरं. अशी दहाही पाहिली.

"कशानं घासलंस?" त्यांनी विचारलं.

"राखेनं," मी म्हणाले. अजूनही मला वाटत होतं, हे कौतुकच चाललंय. "थोडी विटेची पूड पण घेतली. शेवटी चिंच."

"चिंच पण," आबा म्हणाले.

कांतिभाईंना आवरलं नाही. "आबा, तमारी वहुए तो बेरिंगनां वासण करी नाख्यां!" बेअरिंगांची भांडी करून टाकली म्हणे. आणि ते हसता हसता एकदम थांबले, कारण आबांचा चेहरा त्यांना दिसला. मग त्यांनीच मला बाजूला घेऊन समजावलं. तो शेंदूर देवाचा नव्हता. क्रँकला तेलात कालवलेला शेंदूर अगदी पातळ लावायचा, बेअरिंगात बसवून फिरवायचा, उचलायचा. जिथे धातू उंच आहे तिथे शेंदूर चिकटतो. तेवढाच उंचवटा खरवडायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा बघायचं, सगळीकडे सारखा लागेपर्यंत. आबांचे चाळीस दिवस त्यात गेले होते. आणि त्या मऊ धातूत आता राखेचे, विटेचे कण रुतून बसले होते. तसंच इंजिन चालवलं असतं तर एकेक कण क्रँकला पटाशीसारखा तासत गेला असता. आतून जिजी आल्या, त्यांना सगळं कळलं आणि त्यांनी एकच वाक्य टाकलं, ते पुढे पंचवीस वर्षं मी प्रत्येक सणाला ऐकलं. "मी सांगं व्हतं हत्यारं घास, तू ते यास्नं काळीज घासी ठेवं."

आबांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. दसऱ्याची पूजा त्यांनी त्याच चकचकीत बेअरिंगांची केली, हळद-कुंकू वाहिलं, सोनं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते शेडकडे फिरकले नाहीत. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. चौथ्या दिवशी जिजींचा भाऊ येऊन सोसायटीच्या गणवेशासाठी त्यांच्या छातीचं माप घेऊन गेला. आबांनी हात वर करून ते घेऊ दिलं, शाळेतल्या पोरासारखं. मी दाराआडून ते पाहिलं आणि मला ते बघवेना.

मी शेंदराचा डबा, तेलाची वाटी आणि आबांचं जुन्या तिकोनी कानशीपासून केलेलं खरवडायचं पातं घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आबा, कसं करायचं ते सांगा. मी करते."

"तुझे हात भाकरीचे आहेत पोरी," ते रस्त्याकडेच बघत म्हणाले. "हे काम निराळं."

"भाकरी कुठे जाड राहिली ते मला न बघता तळव्याला कळतं. नाहीतर ती फुगतच नाही. तुम्ही थापून बघा एकदा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डबा हातात घेतला, झाकण उघडलं, वास घेतला. "आधी तेल जास्त झालंय ते काढ," म्हणाले. तीन महिन्यांत त्यांचं इतकं आवडलेलं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

दोन बेअरिंगं अगदीच वाया गेली होती. ती कांतिभाईंनी धातू पुन्हा ओतून, लेथवर फिरवून आणून दिली आणि "आने दूर राखजो चिंचथी", हिला चिंचेपासून लांब ठेवा, असं सगळ्यांदेखत बजावून गेले. बाकीच्या आठांचा वरचा थर कणांसकट खरवडून काढायचा होता. इंजिनाचा सांगाडा दोन लाकडी ओंडक्यांवर उलटा ठेवलेला. वरच्या तुळईला चेनपुली. मी पुलीची साखळी ओढायची, क्रँक खाली बसायची, आबा ती फिरवायचे, मी पुन्हा ओढून उचलायची. मग बेअरिंग मांडीवर घेऊन बसायचं आणि लाल दिसेल तेवढं, अगदी केसाएवढं, खरवडायचं. पहिल्या दिवशी माझ्या दंडांना असे गोळे आले की रात्रीची भाकरी यांनी थापली, आणि ती पातेल्याच्या झाकणासारखी झाली. दिवाळीच्या फराळात माझ्या शंकरपाळ्यांना डिझेलचा वास होता. कुणी नाव ठेवलं नाही, जिजींनी पण नाही, फक्त त्यांनी त्या माझ्या माहेरी पाठवून दिल्या.

आबा शेजारी बसून विचारायचे, "कुठे लागलाय?" मी सांगायचे, डाव्या कडेला मुगाएवढा, मध्ये लांबट. "काढ," ते म्हणायचे. मला वाटायचं परीक्षा घेताहेत. पण एकदा मी बोलायच्या आधी त्यांनी स्वतःच बेअरिंग हातात घेतलं, बराच वेळ निरखलं, आणि कोरड्या, स्वच्छ जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे आहे." तिथे काहीच नव्हतं. मी खोडकर होते, पण दुष्ट नव्हते. तरी खात्री करायची म्हणून मी दुसऱ्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि इथे पण ना आबा?" "हो, तेवढा काढ," ते म्हणाले. मी पातं हवेत फिरवल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मी न विचारता मोठ्यानं सांगत गेले, पेपर वाचून दाखवावा तसं. पहिली जोडी, उजवी कड, तांदळाएवढा. दुसरी जोडी, सगळीकडे सारखा. ते डोळे मिटून ऐकायचे, बोटानं चाचपायचे आणि "हां" म्हणायचे. त्यांच्या बोटांना सगळं कळत होतं, फक्त लाल रंग बोटांना कळत नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. यांना तर नाहीच, कारण यांना सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी इंजिन यंत्रात बसलेलं होतं. माझ्या चिंध्या एकेक करून सुटल्या होत्या, वहीच्या प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण. आणि जिजी शब्दाच्या पक्क्या असल्यामुळे भंगारवालाही वेळेवर आला होता. टेम्पो, दोन हमाल, मोठा काटा. जिजींनी त्याला चहा दिला, त्यानं बशीत ओतून घेतला आणि बुलडोझरकडे असा बघू लागला जसा खाटीक बोकडाकडे बघतो. मोठं इंजिन सुरू करायला शेजारी एक छोटं पेट्रोलचं इंजिन होतं, त्याला दोरी गुंडाळून ओढायची. यांनी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स. सहाव्या वेळी ते छोटं कार्टं टर्र करून बोंबलायला लागलं. आबांनी दांडा ओढला, मोठं इंजिन आतल्या आत कण्हलं, गप्प झालं, पुन्हा कण्हलं. मी दहाही जोड मनात मोजत होते, म्हणजे पाच, पण त्या वेळी मला पाच आणि दहा कळत नव्हतं. मग काळ्या धुराचा एक लोळ वर गेला, पत्र्यावरची कबुतरं उडाली, आणि ते बोललं. असं बोललं की लूमचा आवाज ऐकू येईना. यांनी आनंदानं काहीतरी ओरडून सांगितलं आणि जन्मात पहिल्यांदा ते कुणाला ऐकू आलं नाही.

आबा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, इंजिनाच्या पोटाला लावून, त्याची मूठ कानाला टेकून आतला आवाज ऐकत एकेका बेअरिंगजवळ उभे राहिले. पाचही ठिकाणी आवाज साफ. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला तो जागचा हलला नाही. जिजी अंगणाच्या टोकाला तुळशीपाशी उभ्या होत्या, ऊस आणि बोरं-आवळे मांडलेले, आणि वृंदावनासकट सगळं थरथरत होतं. त्यांनी डोळ्याला पदर लावला, तो काढला, आणि ओरडल्या, "आते बंद कर ते! मन्ही तुळस हाली ऱ्हायनी!" पण आबांनी पूर्ण एक तास चालवलं. भंगारवाल्यानं तेवढ्यात तीन चहा घेतले आणि जाताना रिकामे तेलाचे डबे मागून नेले. ठेकेदाराला एसटीडीच्या बूथवरून फोन गेला. गणवेश शिवून आला होता, तो जिजींनी गुपचूप भावाकडे परत पाठवला.

जेवणाआधी मी मागच्या मोरीवर आबांच्या हातांवर पाणी घालत होते. आत जिजी कांतिभाईंना माझ्या चिंचेची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या, आता तर शेवट गोड झाल्यामुळे जास्तच रंगवून. आबांनी हातांवर पावडर चोळली, आत एकदा कान दिला आणि आवाज खाली आणून, माझ्यासाठी राखून ठेवलेल्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले,

"पोरी, एक सांगतो. आधीची निम्मी बेअरिंगं मी चुकीची खरवडली होती. मला लाल दिसतच नव्हतं, अंदाजानं चाललं होतं. तू ती घासली नसतीस तर आज हे इंजिन पाच मिनिटांत जाम झालं असतं आणि काटेवाला दारात बसलाच होता. पण हे तुझ्या जिजीला सांगू नकोस. तिच्या लेखी चूक तुझीच राहू दे. तिची बोलणी खायची तुला आता सवय झाली आहे, मला या वयात जमणार नाही."